माल दोन दिवसांपासून तयार आहे

फेब्रुवारीत आमच्या नाशिक जिल्ह्यात द्राक्षांखेरीज दुसरा विषय नसतो. अशाच एका फेब्रुवारीत दिंडोरीकडचे एक नातेवाईक, माझ्या जावेचे मावसभाऊ, संध्याकाळी घरी आले आणि चहा येण्याआधीच मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाले, "ताई, एवढं एक वाक्य बघून द्या." परदेशातील खरेदीदाराला पाठवायचा निरोप त्यांनी स्वतःच टाइप केला होता. देवनागरीत लिहायचा तर तो असा होता : 'गुड्स इज रेडी सिन्स टू डेज. काइंडली डू द नीडफुल.'

सातपूरच्या एका कारखान्यात पत्रव्यवहाराच्या टेबलावर माझी २८ वर्षे गेली. त्यामुळे निवृत्त झाल्यावरही नात्यात आणि इमारतीत कोणाचे इंग्रजीचे काही अडले की तो कागद माझ्याकडे येतो. कागद बहुधा साधाच असतो. रजेचा अर्ज, नोकरीसाठीचे पत्र, मुलाच्या वहीतली दहा वाक्ये. कथा-कादंबऱ्यांचे इंग्रजी माझ्याकडे कोणी आणत नाही आणि आणले तर मला ते पेलणारही नाही. माझा संबंध छोट्या वाक्यांशी. छोट्या वाक्यात मात्र चूक लपत नाही, ती पांढऱ्या शर्टावरच्या शाईसारखी दुरून दिसते.

'द गुड्स हॅव बीन रेडी फॉर टू डेज' असे मी दोन मिनिटांत करून दिले असते आणि ते पाठवून मोकळे झाले असते. पण त्यांनी विचारले, "चुकलं कुठं ते सांगा, म्हणजे पुढच्या खेपेला तुम्हाला त्रास नको." तेव्हा मी त्यांना हेच आधी मराठीत सांगायला लावले. ते म्हणाले, "माल दोन दिवसांपासून तयार आहे." या मराठी वाक्यात काडीची चूक नाही, आणि त्यांचे इंग्रजी वाक्य म्हणजे याच वाक्याचा शब्दाला शब्द ठेवून केलेला प्रामाणिक उतारा होता. त्या सहा शब्दांच्या उताऱ्यात चुका चार होत्या.

पहिली चूक 'इज'ची. आपला 'माल' एकवचनी आहे. दहा पेट्या असोत की अख्खा कंटेनर, माल तयार 'आहे' असेच आपण म्हणतो, 'आहेत' म्हणत नाही. इंग्रजीतला 'गुड्स' हा शब्द मात्र या अर्थाने कायम अनेकवचनीच असतो, पेटी एकच असली तरी. त्याचे एकवचन अर्थशास्त्राच्या पुस्तकांबाहेर सहसा भेटत नाही. दुसरी चूक 'सिन्स'ची, आणि तिची मुळे आपल्या 'पासून'मध्ये आहेत. 'सोमवारपासून' म्हणताना आपण काळाचा आरंभ सांगतो आणि 'दोन दिवसांपासून' म्हणताना काळाची लांबी सांगतो, पण दोन्हीकडे प्रत्यय एकच लावतो आणि त्यात आपले कधीच काही बिघडत नाही. इंग्रजीने ही दोन कामे दोघांना वाटून दिली आहेत. आरंभाला 'सिन्स' आणि लांबीला 'फॉर'. तिसरी चूक काळाची. जे आधी सुरू झाले आणि अजून चालू आहे, त्याला मराठीत साधा वर्तमानकाळ पुरतो. 'मी दहा वर्षांपासून नाशकात राहते' एवढे म्हटले की झाले. इंग्रजीला तिथे 'हॅव' घेऊन मागचा आणि आजचा असे दोन्ही काळ एकाच दाव्याने बांधावे लागतात. चौथी चूक म्हणजे सुरुवातीला नसलेला 'द'. त्याच्याकडे मी मागाहून येते, कारण त्या जागी माझाच पाय नेहमी घसरतो.

सगळे ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "एवढंसं वाक्य अन् एवढ्या भानगडी!"

'काइंडली डू द नीडफुल'ला मी हात लावला नाही. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात चूक नाही. इंग्रजांच्या कचेऱ्यांतला हा जुना वाक्प्रचार तिकडे मागे पडला आणि इकडे टिकला, इतकेच. मी स्वतः तो हजारो पत्रांच्या शेवटी टाइप केला आहे आणि त्या पत्रांवर कामे झालेली आहेत.

मी शाळेत होते तेव्हा मराठी माध्यमाला इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० सालापासून. आमच्या वहीत चुकीखाली लाल रेघ येई, वर बरोबर शब्द येई, पण कारण कधी येत नसे. 'ही गो टू स्कूल'मध्ये 'गो'चा 'गोज' केलेला असे आणि आम्ही तो दहा वेळा लिहून काढत असू. अकराव्या वेळी पुन्हा 'ही गो'. बाई म्हणत, लक्ष नसतं तुमचं. ते मला तेव्हाही पटत नसे आणि आता तर मुळीच पटत नाही, कारण क्रियापद कोणाच्या मागे चालवायचे याची जितकी सवय मराठी मुलाला असते तितकी फारच थोड्यांना असेल. तो जातो, ती जाते, ते जातात, हे तर सोपेच झाले. पण मुलाने आंबा खाल्ला, मुलाने पोळी खाल्ली, मुलाने केळे खाल्ले, इथे क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते, आणि तीन वर्षांचे मूल ते कोणी न शिकवता बिनचूक करते. याला कर्मणी प्रयोग म्हणतात हे आम्हाला शाळेत पाठ होते. तो किती अवघड आहे हे मात्र मला इंग्रजी वाक्ये दुरुस्त करता करता उमगले. त्यासाठी निवृत्तीनंतर १८४० सालच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासदत्व पुन्हा घेतले आणि मोरो केशव दामले यांचे १९११ सालचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' घरी आणले. इंग्रजीच्या चुका कळाव्यात म्हणून मराठी व्याकरण वाचणारी बाई त्या ग्रंथपालांना बहुधा नवीनच असावी.

असे मूल एका 'एस'पाशी अडते, ते आळसाने अडत नाही. जुन्या इंग्रजीत क्रियापदाला पुरुष आणि वचन पाहून निरनिराळे प्रत्यय लागत असत. शतकांच्या ओघात ते झिजले आणि वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनाचा एवढा एक प्रत्यय मागे राहिला. तोही मूळचा उत्तर इंग्लंडच्या बोलीतला. दक्षिणेकडे त्या जागी वेगळे रूप होते आणि १६११ च्या बायबलात ते पानोपानी भेटते. म्हणजे आमची मुले ज्या पायरीला ठेचकाळतात ती एका पडून गेलेल्या वाड्याची उरलेली पायरी आहे. त्यात आणखी गंमत अशी की नामाला 'एस' लागला तर अनेकवचन होते आणि क्रियापदाला लागला तर एकवचन. 'बॉइज प्लेज' लिहिणाऱ्या मुलाचा हिशेब सरळ असतो. मुलगे पुष्कळ, म्हणून दोन्हीकडे 'एस'. मी त्याला सांगते की 'एस' एकच आहे, तो एका वेळी एकाच घरी जेवतो. 'चिल्ड्रन'पाशी हा दाखला लंगडा पडतो, पण तोवर मूल पुढे गेलेले असते.

'ही डिड नॉट वेंट'ची कथाही तशीच आहे. 'तो गेला नाही' या आपल्या वाक्यात भूतकाळ 'गेला'वरच राहतो, नकार त्याच्या शेजारी नुसता येऊन बसतो. इंग्रजीत नकारासाठी 'डिड' बोलावला की भूतकाळ त्याच्या अंगावर जातो आणि मूळ क्रियापद मोकळे होते. ऑफिसात आवकचा शिक्का एका कागदावर एकदाच मारतात, असे मी सांगते. नोकरी केलेल्यांना हे लगेच कळते, मुलांना शिक्का म्हणजे काय ते आधी सांगावे लागते. 'ऑल्दो' लिहून पुढे 'बट' येतो तो आपल्या 'जरी'मुळे. 'जरी पाऊस होता' म्हटले की 'तरी'शिवाय मराठी कानाला वाक्य उघडे पडल्यासारखे वाटते. 'वन ऑफ माय फ्रेंड'मध्ये मात्र मराठीच सोडवायला येते. 'माझा एक मित्र' असे मनात असेल तर चूक होणार. 'माझ्या मित्रांपैकी एक' असे मनात आणले की अनेकवचन आपोआप येते.

आता माझ्या फजितीकडे येते. शेजारच्या मुलीने नोकरीसाठी पत्र लिहून आणले होते. त्यात 'अॅन एमबीए' असे होते. मी 'अॅन'मधला 'एन' काढून टाकला, कारण ए, ई, आय, ओ, यू या पाच अक्षरांआधी 'अॅन' आणि बाकी सगळीकडे 'अ', हे पाचवीत घोकलेले माझ्या हाडात बसलेले आहे आणि 'एम' हे अक्षर त्या पाचांत नाही. तिने त्या पत्राच्या २० प्रती काढल्या. संध्याकाळी जिन्यात भेटली तेव्हा अगदी हळू आवाजात म्हणाली, "काकू, आमच्या क्लासमध्ये तर अॅनच सांगितलं होतं." मी घरात आले आणि मोठ्याने दोनदा म्हणून पाहिले. मुलगी बरोबर होती. याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की औद्योगिक वसाहतीत काम केल्यामुळे 'अॅन एमआयडीसी प्लॉट' हे मी शेकडो वेळा बिनचूक टाइप केलेले होते. ते साहेबांनी घालून दिलेले वाक्य होते, त्यामुळे माझा नियम तिथे कधी आडवा आला नाही.

नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. पुढच्या शब्दाचा पहिला ध्वनी स्वर असेल तर 'अॅन', व्यंजन असेल तर 'अ'. हे रोमन लिपीत दिसत नाही, पण आपल्या लिपीत उघड दिसते, आणि ज्यांना ध्वनीबरहुकूम लिहिण्याची सवय बालवाडीपासून आहे त्यांनी इथे चुकावे ही खरोखर नवलाची गोष्ट आहे. शब्द देवनागरीत लिहावा आणि पहिले अक्षर पाहावे. एमबीए, पहिला ए, म्हणून 'अॅन'. अवर, म्हणजे तास, पहिला अ, म्हणून 'अॅन'. रोमनमधला तिथला 'एच' मुका आहे आणि आपण तो लिहीतच नाही. ऑनेस्टचेही तसेच. युनिव्हर्सिटी, युरोपियन, युनिफॉर्म यांच्या सुरुवातीला य आहे, म्हणून 'अ', रोमनमध्ये तिथे यू किंवा ई असली तरी. 'वन-वे' रस्त्याला रोमनमध्ये ओ आहे, आपल्याकडे व आहे, म्हणून 'अ'. शेजारच्या मुलीची क्षमा मागून झाल्यावर मी हा उपाय तिच्या धाकट्या भावाला शिकवला आणि त्याने पाटीभर शब्द लिहून तो तपासला. एका ठिकाणी त्याने मला पकडले. वर्षाला आपण देवनागरीत 'इयर' लिहितो, म्हणजे स्वर, म्हणजे 'अॅन इयर' व्हायला हवे. पण इंग्रजीत 'अ इयर' म्हणतात. तिथला मूळ उच्चार यकाराने सुरू होतो आणि आपण तो लिहिताना सवयीने इ लिहितो. उपाय बरोबर आहे, चूक आपल्या लेखनाच्या सवयीत आहे, असे मी त्याला सांगितले. त्याला ते कितपत पटले कोणास ठाऊक.

'अ' आणि 'अॅन'चा निवाडा असा कानाने होतो, 'द'चा होत नाही. मराठीत आपण 'मुलगा आला' म्हणतो तेव्हा तो ओळखीचा असतो आणि 'एक मुलगा आला' म्हणतो तेव्हा अनोळखी. एवढ्यावर आपले भागते आणि बाकीचे संदर्भ सांभाळून घेतो. या विषयाचा सर्वांत चांगला धडा आमच्या नाशिकरोडला छापून निघतो, असे मी गमतीने म्हणते. तिथला नोटांचा छापखाना १९२८ पासून चालू आहे आणि नोटेवरचे इंग्रजी वाक्य आपण सगळेच खिशात घेऊन फिरतो : 'आय प्रॉमिस टू पे द बेअरर द सम ऑफ फाइव्ह हंड्रेड रुपीज.' एका ओळीत दोन 'द' आहेत. त्याच नोटेवरची हिंदी ओळ पाहावी : 'मैं धारक को पाँच सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ.' दोन्ही 'द' नाहीसे झाले आणि वचनात एक पैशाचीही तूट आली नाही. मग इंग्रजीत 'अ बेअरर' का नाही? कारण कोणत्या तरी एका धारकाला पैसे देण्याचे हे वचन नाही. ही नोट या क्षणी ज्याच्या हातात आहे त्याला देण्याचे आहे, आणि तो एकच असू शकतो. वरच्या मजल्यावरची मुलगी बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करते. तिला मी हे पर्समधली नोट काढून दाखवले, तेव्हा तिने ती नोट अशी निरखून पाहिली की जणू पहिल्यांदाच पाहते आहे. तरीही सांगते, 'द गोदावरी' म्हणायचे, 'नाशिक'ला 'द' लावायचा नाही, 'ब्रह्मगिरी'लाही लावायचा नाही, 'द सह्याद्रीज'ला मात्र लावायचा, हे सगळे आजही मी थांबून, आठवून लिहिते. घरी गोदावरीला नुसते 'गंगा' म्हणणाऱ्या माणसाला नदीआधी आणखी एखादा शब्द ठेवण्याची सवय येणार कुठून?

या मुलीमुळे मला आणखी एक गोष्ट दिसली. तिच्या परीक्षेत वाक्याचे तुकडे पाडून देतात आणि चूक कोणत्या तुकड्यात आहे ते ओळखायला सांगतात. शेवटचा पर्याय 'चूक नाही' हा असतो. त्या पर्यायाची तिला भीती वाटते. एकदा वाक्य होते, 'टेन किलोमीटर्स इज अ लाँग डिस्टन्स.' तिने 'इज'वर खूण केली, कारण किलोमीटर दहा आहेत. वाक्य वास्तविक बरोबर होते. दहा किलोमीटर हे एकच अंतर धरलेले आहे. मी तिला म्हटले, मराठीत बोल. ती म्हणाली, "दहा किलोमीटर हे मोठं अंतर आहे." 'आहेत' म्हणालीस का? नाही म्हणाली. म्हणजे इथे मराठीने तिला बरोबर उत्तर आयते दिले असते. पण तुमच्या चुका मातृभाषेमुळे होतात, हे तिने क्लासमध्ये इतक्या वेळा ऐकले होते की जिथे मराठी खरे सांगत होती तिथेही तिने तिचे ऐकले नाही. तेव्हापासून दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक वाक्याआधी मी मराठी वाक्य विचारतेच, चूक दिसो वा न दिसो. पुष्कळदा बोलता बोलता माणूस स्वतःच थांबतो आणि म्हणतो, थांबा, कळलं.

काही ठिकाणी मी पेन खाली ठेवते. 'आय अॅम इन नाशिक ओन्ली' यातला 'ओन्ली' म्हणजे आपला 'च' आहे. 'मी नाशकातच आहे' यातल्या 'च'चे वजन इंग्रजीत आणायला दुसरा सुटसुटीत शब्द मलाही सापडलेला नाही. परदेशी जाणारे पत्र असेल तर मी तो काढते, घरातल्या घरात असेल तर राहू देते. 'कझिन ब्रदर'मधला 'ब्रदर' काढताना तर दरवेळी वाईट वाटते. मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ, चुलतभाऊ असे चार जण आधीच एका 'कझिन'मध्ये कोंबलेले असतात, त्यात तो भाऊ आहे की बहीण हेही पुसून टाकायचे. पण नियम तो नियम.

आता फोनच चुकीच्या शब्दाखाली रेघ ओढतो आणि बोट लावले की बरोबर शब्द येतो. मुलांना मी त्याचा वापर करू नका असे सांगत नाही. मी स्वतः करते. त्या रेघेचे आणि आमच्या वहीतल्या लाल रेघेचे गोत्र मात्र एकच आहे. बरोबर शब्द मिळतो, पण आपण 'माल' म्हणत होतो म्हणून 'इज' आला, हे त्या रेघेला कसे कळणार?

दिंडोरीचे पाहुणे पुढच्या हंगामात पुन्हा आले. या वेळी निरोप आधीच पाठवून झालेला होता आणि तो मला दाखवण्यासाठी ते मुद्दाम वाट वाकडी करून आले होते. 'द गुड्स हॅव बीन रेडी फॉर यस्टरडे.' 'द' जागच्या जागी होता, 'हॅव बीन' होते, आणि फोनने कुठे रेघ ओढली असेल तर ती त्यांनी जुमानली नव्हती. मी म्हटले, सगळे छान आहे, फक्त 'कालपासून' हा आरंभ झाला, लांबी नव्हे, तेव्हा इथे 'सिन्स' हवा. ते जरा वेळ छताकडे पाहत राहिले. मग बोटांवर मोजत म्हणाले, "म्हणजे दोन दिवसांपासून म्हटलं तर फॉर, अन् परवापासून म्हटलं तर सिन्स? पण ताई, माल तर तेवढेच दिवस पडून आहे ना!"